आंबोली-चौकुळचा सडा आणि हिरण्यकेशीचा उगम : सावकाश चालण्याची एक वाट

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, कानूर असे करत सुमारे ७० किलोमीटर गेले की आंबोली येते. आपल्या मंडळातील बहुतेक घरांना आंबोली ठाऊक आहे ती धबधब्यासाठी. पावसाळ्यातील एखादा रविवार, पायऱ्यांवर भिजणे, कणीस, भजी आणि संध्याकाळपर्यंत परत. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा आम्ही पाच-सहा जण गर्दीचा दिवस टाळून आडवारी जाऊ लागलो आणि धबधब्याच्या अलीकडेच, चौकुळच्या वाटेवर, रेंगाळू लागलो. त्या रेंगाळण्यातून जी माहिती जमली ती सभासदांच्या उपयोगासाठी येथे एकत्र करीत आहोत. चढ जवळजवळ नाही, अंतर बेताचे आहे, आणि गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही ही फेरी झेपते. आमच्यातले दोघे काठी घेऊन चालतात.

आधी सडा म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्या मुलांना हा शब्द अंगणात शिंपायच्या सड्यापुरताच माहीत असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट माळाला सडा म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा दगड तयार झाला. त्याच्या वरच्या भागावर युगानुयुगे पाऊस कोसळत राहिला, दगडातील सिलिका धुऊन गेली, आणि मागे राहिले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच हा तांबूस, छिद्रांचा जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये केरळातील असा दगड पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. आपल्याकडे चिरे काढून घरे बांधणाऱ्यांना हे नाव समर्पक वाटेल.

सड्यावर माती वीतभरही नसते. कुठे कुठे तर बोटभरच. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यात नत्र फारसे नसते. जून ते सप्टेंबर ती पाण्यात बुडालेली, आणि मार्च-एप्रिलमध्ये उघडा दगड तव्यासारखा तापलेला. अशा ठिकाणी झाड मोठे होत नाही. मूळ धरायला जागाच नाही. त्यामुळे परक्याला सडा नापीक, ओसाड दिसतो. इंग्लंडमध्ये मुलाकडे राहून आलेले आमचे एक सोबती सांगतात, की तिथे हीथ म्हणून जो माळ असतो तोही असाच: हलकी, आम्लधर्मी जमीन, मोठी झाडे विरळ, गुडघ्याएवढी झुडपे आणि मधूनमधून पाणथळ. तिथल्या पाणथळीत दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती आढळते. तिची भावंडे आपल्या सड्यावरही आहेत. दोन्ही जमिनींचे दारिद्र्य एकच, म्हणून उपायही एकच.

हा उपाय पाहण्यासाठी खाली बसावे लागते. ऑगस्टच्या शेवटी सड्यावर गेलात तर लांबून नुसता जांभळट आणि पांढरा पट्टा दिसतो. जवळ गेल्यावर कळते की जांभळी फुले सीतेच्या आसवांची आहेत आणि पांढरे गोंडे गेंदाचे. सीतेच्या आसवांचे नाव जितके करुण, तितका स्वभाव नाही. या वनस्पतीला चिखलात अगदी बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते आणि तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. सगळा व्यवहार सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतो. दवबिंदूचे काम सावकाश चालते. पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, त्यावर चिलट बसले की केस हळूहळू आत वळतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यात दवबिंदूच्या कुळाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. मातीतून नत्र मिळत नाही, तेव्हा ते हवेतून उडत येणाऱ्याकडून वसूल करायचे. आमच्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्यांना ही वसुली पाहताना मौज वाटते.

सप्टेंबरात सोनकीची पिवळी फुले आणि तेरडा येतो. कारवी फुलण्याचे वर्ष असेल तर उतारांचा रंगच बदलतो, कारण ती सात वर्षांतून एकदाच फुलते. पण फुलांसाठीच जायचे तर कास आहेच. आंबोलीचे खरे वैभव फुलांत नाही, बेडकांत आहे, असे आम्हाला वाटते. हे वाक्य आमच्या घरच्या मंडळींना अजून पटलेले नाही.

सड्याच्या दगडात जागोजागी उथळ खळगे असतात. कुठे ताटाएवढे, कुठे खोलीएवढे. पहिल्या पावसात ते भरतात. याच खळग्यांत आंबोली टोड हा छोटा भेक अंडी घालतो. शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रिना. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो शास्त्राच्या दफ्तरात नोंदवला. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून 'टायग्रिना'. त्याचा एकच सख्खा भाऊ आहे, तो कोयनेच्या परिसरात. हा मात्र आंबोलीच्या आसपासच आढळतो. आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे.

या भेकाचे सगळे गणित पहिल्या पावसावर बसवलेले असते. जूनमध्ये सरी सुरू झाल्या की नर खळग्यांपाशी जमून साद घालतात. विणीचा हंगाम फार थोडा. अंडी घातली, पिल्ले पोहू लागली, आणि मग पावसाने आठवडाभर दडी मारली तर खळगा आटतो आणि त्यातील सगळी पिल्ले मरतात. खोल तळ्यात अंडी घातली तर पाणी टिकेल, पण तिथे मासे आणि मोठे बेडूक टपलेले. म्हणून हा जुगार. एका वर्षी जूनच्या मध्यावर आम्ही गेलो होतो. आमच्यातील एकाने चपलेला लागलेला चिखल धुवायला म्हणून अशाच एका खळग्यात पाय घातला. पाणी ढवळले तेव्हा काळ्या ठिपक्यांसारखी शेकडो पिल्ले सैरभैर झाली. तोपर्यंत आम्हाला ते साचलेले पावसाचे पाणीच वाटले होते. त्या दिवसापासून आम्ही सड्यावर चालताना खळगे वळसा घालून ओलांडतो, आणि नातवंडांनाही तसेच शिकवले आहे.

दुसरा धोका रस्त्यावरचा आहे. पावसाळी रात्री बेडूक आणि साप रस्ता ओलांडतात आणि गाड्यांखाली येतात. सुटीच्या दिवसांत वाहने वाढतात तेव्हा हे प्रमाणही वाढते. त्यासाठी आम्ही एक साधा नियम केला आहे: अंधार पडण्यापूर्वी चौकुळचा रस्ता सोडायचा. आपल्यालाही ते बरे, कारण या भागात गवे भरपूर आहेत आणि धुक्यात गवा दिसतो तो अगदी समोर आल्यावर.

इतर रहिवाशांची नुसती नावे घेतो. गॉयनकाराच्या शोभेला लाजवील असा हिरवागार मलबार उडणारा बेडूक, जो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो. ओल्या कड्यांवर राहणारा इंडिराना चिरावसी, ज्याची पिल्ले पाण्यात न पोहता ओल्या दगडाला चिकटून वाढतात. जमिनीखाली राहणारा, गांडुळासारखा दिसणारा पण उभयचर असलेला गेजेनिओफिस डॅनिएली. मलबारी चापडा हा विषारी साप, जो झुडपावर तासन् तास निश्चल बसून असतो. झाडाची फांदी हाताने बाजूला सारू नये ही सूचना त्याच्यासाठीच.

आता पाण्याविषयी. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास. ७० किलोमीटरमध्ये एवढा फरक. सड्यावरून चालताना आपण पाणलोटाच्या माथ्यावर असतो. एका बाजूचे पाणी कड्यावरून कोकणात उडी घेते आणि थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला मिळते. दुसऱ्या बाजूचे पाणी पूर्वेकडे निघते ते हिरण्यकेशी होऊन. आजरा, गडहिंग्लज करत ती आपल्या जिल्ह्यातील संकेश्वरला येते, पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. घटप्रभाही याच डोंगररांगेतील. तिच्यावर हिडकलचे धरण आहे, आणि हिडकलचे पाणी बेळगावच्या नळांना येते. पाणीकपातीच्या दिवसांत आपण राकसकोप आणि हिडकलच्या पातळीचे आकडे वर्तमानपत्रात वाचतो. ते आकडे या माथ्यावर ठरतात.

हिरण्यकेशीचा उगम आंबोलीपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. गाडी जवळपर्यंत जाते, पुढे थोडे चालणे. महादेवाचे साधे मंदिर, मागे गुहा, गुहेतून येणारे पाणी समोरच्या कुंडात पडते. भर उन्हाळ्यातही हा प्रवाह आटत नाही. सड्याचा सच्छिद्र जांभा पावसाळ्यात स्पंजासारखे पाणी पिऊन ठेवतो आणि वर्षभर थोडे थोडे सोडतो. एकरकमी ठेव आणि दरमहा व्याज, असे आम्ही नातवंडांना समजावले. पोरे हसली, पण विसरली नाहीत.

या कुंडात एक लहानसा रंगीत मासा आहे. गावकरी त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२० मध्ये जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी तो वेगळी जात म्हणून जाहीर केला आणि नदीचेच नाव दिले: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने उगमाजवळची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. २००२ च्या जैवविविधता कायद्यात अशी तरतूद आहे. सव्वापाच एकरांची जागा एका बोटभर माशासाठी! आमच्या बागायतदार मित्रांनी भुवया उंचावल्या. पण विचार केला तर हा मासा फक्त स्वच्छ, वाहत्या, थंड पाण्यात राहतो. तो आहे तोवर उगमाचे पाणी ठीक आहे असे समजायला हरकत नाही.

येथे आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, या माशाला शास्त्रीय नाव मिळण्याच्या कितीतरी आधी, आम्ही चार कुटुंबे डबे घेऊन उगमावर गेलो होतो. जेवणे झाली, दहीभात उरला. आमच्यातील एका काकूंनी देवाच्या माशांना घास म्हणून तो कुंडात सोडला. भावना चांगलीच होती, आणि आम्हा कोणालाच त्यात गैर वाटले नाही. तिथे पूजेचे साहित्य घेऊन बसलेल्या एका वयस्कर बाई उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकीनू, माशांका भात घालू नकात. पाणी वास मारता." काकू जरा दुखावल्या. देवाच्या दारी अन्नाला नाही कसे म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे. परतताना गाडीत यावर शिनोळीपर्यंत चर्चा चालली. पण पुढच्या खेपेला त्याच काकूंनी उरलेले अन्न डब्यात घट्ट बंद करून आणले, आणि कुंडावर साबण काढणाऱ्या एका तरुणाला स्वतः जाऊन अडवले. साबण, शांपू, कुंकू, निर्माल्य, भात यांतील काहीही कुंडात जाऊ नये. हात जोडायला पाण्यात उतरावे लागत नाही.

सड्याबद्दल आमच्या मनात एक जुनी बोच आहे, ती बँकेच्या नोकरीतली. शेतीकर्जाच्या अर्जासोबत सातबारा येई. त्यात लागवडीलायक क्षेत्राखाली पोटखराबा लिहिलेला असे. मूल्यांकन करताना तो रकाना आम्ही हिशेबात धरत नसू. सडा, कातळ, पाणथळ, सगळे पोटखराब्यात. कागदावर त्याची किंमत शून्य. तीसेक वर्षे आम्ही या शून्यांवर सह्या केल्या. हिडकलचे पाणी त्या शून्यातूनही येते हे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही कदाचित म्हटले असते, की तारण म्हणून ते चालत नाही.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांचा जमिनीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळात येथे कबुलायतदार गावकर पद्धत होती. गावाने मिळून सारा भरण्याची कबुलायत लिहून द्यायची आणि जमीन गावाने एकत्र वहिवाटायची. पुढे या जमिनी कागदोपत्री शासनाच्या नावे लागल्या आणि वाद सुरू झाला तो अनेक दशके चालला. अलीकडच्या काळात वाटपाच्या दिशेने पावले पडली आहेत. चौकुळच्या वाटेवर नाचणीच्या शेताच्या बांधावर एका शेतकऱ्याशी बोलणे झाले. आम्ही बँकेतले हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "जमीन आमची, सातबारो सरकारचो. तुमच्या बँकेन आमका कधी दारात उभा केल्यान नाय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. नियमाने आम्ही तसेच केले असते. बाहेरच्यांनी येऊन सडा राखा, बेडूक राखा असे सांगणे सोपे आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन लागत नाही त्याने ते ऐकून घेणे कठीण. आम्हाला वाटते, सड्याचे भवितव्य या जमिनीच्या कागदांशी बांधलेले आहे. वाटणी झाली की तुकडे विकले जातील आणि त्यावर बंगले उठतील अशी धास्ती एका बाजूला, आणि हक्काचा उतारा मिळाल्यावर गावकरी स्वतःच माळ सांभाळतील ही आशा दुसऱ्या बाजूला. आमच्या चमूतही यावर एकमत नाही.

जांभ्याच्या पोटात बॉक्साइट असते, हेही सांगायला हवे. घाटमाथ्यावरच्या काही सड्यांवर त्यासाठी खाणी निघाल्या. बेळगावात अ‍ॅल्युमिना तयार होते आणि आपल्या मंडळातील कित्येक घरांच्या चुली त्या पगारावर पेटल्या. तेव्हा खाणीला नुसती नावे ठेवणे आम्हाला जमत नाही. एवढे मात्र खरे, की खणून नेलेला सडा पुन्हा तयार होत नाही. वर माती टाकून झाडे लावता येतात, पण तो मग सडा राहत नाही. तसेच हौसेने सड्यावर वृक्षारोपण करणाऱ्यांचेही. उघडा माळ दिसला की रोपे लावायची आपली सवय आहे, पण सड्याला झाडांची गरज नाही. आंबोली ते दोडामार्ग पट्ट्यातील काही वनक्षेत्राला शासनाने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

जाण्याची वेळ. भेक पाहायचे तर जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस लागल्यावर चार-पाच दिवसांनी. जुलै टाळावा. धुके, वारा आणि जळवा यांमुळे चालण्याचा आनंद उरत नाही. फुलांसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. दिवाळीनंतर सडा वाळून तपकिरी होतो, तेव्हा उगमाकडे जावे. सकाळी सहाला बेळगाव सोडले तर आठपर्यंत आंबोली. बसस्थानकाजवळ चहा आणि उसळ घेऊन चौकुळच्या रस्त्याला लागावे. गाडी रस्त्याच्या कडेला लावावी, सड्यावर चढवू नये. चाकाची एक रेघ पुढचे कित्येक पावसाळे दिसत राहते. तासाभरात दीड-दोन किलोमीटर, एवढीच आमची गती. त्याहून भरभर चाललात तर काही दिसणार नाही.

शेवाळलेला जांभा साबणासारखा निसरडा असतो. तळाला खाचा असलेले बूट घालावेत, चप्पल नको. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटी करतो. जळवेसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवावी, पण मीठ पाण्याच्या खळग्यांजवळ झटकू नये. भिंग असेल तर अवश्य न्यावे. नातवंडे सोबत असतील तर भिंग त्यांच्याच हाती द्यावे, म्हणजे ती धबधब्याचा हट्ट धरत नाहीत. फुले तोडू नयेत आणि बेडूक हातात घेऊ नये. आपल्या हाताचा घाम आणि मलम त्याच्या ओल्या कातडीला बाधते.

उगमावरून साधारण साडेबाराला निघून आंबोलीत जेवण करता येते. जेवण आधी सांगून ठेवल्यास नाचणीची भाकरी मिळते. तीनला परतीला लागलो तर पाटणे फाट्यावर चहा घेऊन उजेडातच घरी पोहोचतो. येत्या जूनमध्ये पाऊस लागला की आम्ही पुन्हा जाणार आहोत. गाडीत दोन जागा आहेत. इच्छुकांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे, मात्र तारीख चार दिवस आधीच कळेल. ती पाऊस ठरवतो.